सहावा रकाना

त्या देशात कोणी जन्मत नसे. माणसं तिथे शाळेत जात, लग्नं करत, भांडत, मतदान करत आणि वेळ आली की रीतसर मरतही. पण जन्माला यायचं म्हटलं की सगळे पूल ओलांडून मोठ्या शेजाऱ्याकडे जात. कारण अगदी साधं होतं. सरकारी रुग्णालय पुलापलीकडे होतं, चालत दहा मिनिटांवर, चांगलं अडीचशे खाटांचं. अलीकडे एक दवाखाना होता, त्यात एक डॉक्टर बसे आणि तोसुद्धा राहायला पलीकडेच होता. सर्दी, खोकला, लचकलेली मान एवढं तो इथे बघे. त्यापुढचं काही असलं की पुलाकडे बोट दाखवी. "दहा मिनिटांवर आयतं रुग्णालय असताना आपण वेगळं कशाला बांधायचं?" असं पहिल्या मंत्रिमंडळाने विचारलं होतं. पुढच्या सगळ्या मंत्रिमंडळांना हा प्रश्न इतका पटला की त्यांनी तोच पुन्हा विचारण्यापलीकडे काही केलं नाही.

या न होणाऱ्या जन्मांची नोंद ठेवायला एक कार्यालय होतं, पुलापासून तीस पावलांवर, पुढची खोली आणि मागची खोली. तिथले रजिस्ट्रार एकतीस वर्षं त्याच खुर्चीवर बसत होते. रोज अकरा वाजता पलीकडून रुग्णालयाचा शिपाई खाकी पाकीट घेऊन येई. पाकिटात मेट्रनबाईंच्या हातच्या चिठ्ठ्या असत: मुलगा की मुलगी, वजन, वेळ, आईचं नाव. रजिस्ट्रार त्या 'नमुना चार'वर सुरेख अक्षरात उतरवत, शिपायाला पोच देत आणि बारा वाजता डबा उघडत.

नमुना चारचा सहावा रकाना जन्मस्थळाचा. तो कोरा नव्हता. तिथे 'सरकारी रुग्णालय, पुलापलीकडे' असं छापूनच येई. ही सुधारणा खुद्द रजिस्ट्रारांची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी वर लिहून कळवलं होतं की हे ठिकाण कधी बदलत नाही, तर रोज हाताने कशाला लिहायचं? सरकारने खूश होऊन प्रशस्तिपत्र धाडलं. चार ओळींत तीन चुका असलेलं ते पत्र फ्रेम करून भिंतीवर टांगलेलं होतं. 'जन्मभरात एकच शोध लावला, तोही काम टाळायचा,' असं रजिस्ट्रार कधीकधी स्वतःशी म्हणत आणि चष्मा पुसून पुढची चिठ्ठी घेत.

कार्यालयात आणखी एक वस्तू होती. 'देशांतर्गत जन्मांची वही' असं पाठीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेला, कापडी बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ. देश स्थापन झाला तेव्हा मोठ्या हौसेने तो शिवून घेतला होता. आत एक अक्षर नव्हतं. रजिस्ट्रारांची खुर्ची जरा बुटकी असल्याने ते एकतीस वर्षं त्या वहीवर बसत आले होते.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना मोठ्या शेजाऱ्याकडे निवडणूक झाली आणि दोन राष्ट्राध्यक्ष निवडून आले. दोघांनी दोन सभागृहांत शपथ घेतली. निम्मं सैन्य याच्याकडे, निम्मं त्याच्याकडे. आधी गोळ्या हवेत सुटल्या, मग हवेत सुटेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी पूल बंद झाला.

आपल्याला काय त्याचं, असं अलीकडच्यांना पहिले काही तास वाटलं. मग एकेक कळू लागलं. देशातला एकमेव सिग्नल पलीकडच्या तारेवर चालत होता; तो लाल असतानाच अडकला. माणसं कायद्याला भिऊन वागणारी, त्यामुळे सगळे मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीने गाड्या नेऊ लागले. तिथे कोंडी व्हायला लागल्यावर गल्लीतही सिग्नल बसवावा असा अर्ज कोणीतरी दिला. नवा राष्ट्रध्वज पलीकडे शिवायला टाकला होता, तो तिकडेच राहिला. दवाखान्यातला डॉक्टर सकाळी आला नाही, तो आलाच नाही. रजिस्ट्रार हे सगळं ऐकत आणि हसत. त्यांचं हसू फक्त घरी पोचेपर्यंत टिकायचं, कारण घरी त्यांची एकुलती एक लेक नऊ महिने भरून बसली होती.

"एकतीस वर्षं बाळं मोजताय," बायको म्हणाली, "आणि आपल्या लेकीला बाळंत करायला एक माणूस मिळत नाही तुम्हाला?"

"सुईण बघतो ना एखादी."

"कुठली सुईण?"

देशातली शेवटची सुईण वारली तेव्हा तिच्या मृत्यूची नोंद रजिस्ट्रारांनीच केली होती. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'काही नाही'.

दुसऱ्या दिवशी ते आरोग्यमंत्र्यांकडे गेले. आरोग्यमंत्र्यांकडे क्रीडा आणि मासेमारी ही खातीही होती आणि त्यांचा जीव तिथेच जास्त रमे. त्यांनी गुरांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. तो भला माणूस. म्हणाला, "साहेब, माझ्या पेशंटांनी आजवर तक्रार केली नाही, पण त्यांना बोलता येत नाही म्हणून. हे काम मला जमणार नाही." मग मंत्र्यांनी बराच विचार केला आणि परिपत्रक काढलं. रजिस्ट्रारांनी ते घरी आणून बायकोला दाखवलं. 'परिस्थिती निवळेपर्यंत सर्व नियोजित प्रसूती पुढे ढकलण्यात याव्यात.'

बायकोने ते दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि लेकीच्या हातात दिलं. "घे. पोटातल्याला वाचून दाखव."

लेक हसली. पण हसताहसता तिचे डोळे भरून आले. रजिस्ट्रार खूप घाबरले होते. कोणापुढे तसं बोलायची सोय नव्हती, कारण एवढ्या नोंदी केलेल्या माणसाला यातलं काहीतरी कळत असेल असा घरात सगळ्यांचा समज होता. त्यांना बाळाचं वजन कुठल्या रकान्यात लिहायचं एवढंच कळत होतं.

पूल कधीही क्षणभर उघडेल या आशेवर लेकीला कार्यालयाच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. तिथे एक खाट होती, चहाची शेगडी होती. जावई पुलावरच नाकेदार होता. आडवा दांडा वरखाली करणं हे त्याचं काम. त्याला हुकूम आला होता की पलीकडून एकही माणूस आत घ्यायचा नाही. मुलगा सरळ. हुकूम खिशात घालून दांड्याशी उभा राही आणि दर अर्ध्या तासाने मागच्या खिडकीशी येऊन विचारी, "काही झालं का?"

दहाव्या दिवशी अकराच्या ठोक्याला, पाकिटाच्या वेळेला, तो धावत आला. "बाबा, पुलावर दोन बायका आल्यात. एक म्हणते मी मेट्रन आहे."

रजिस्ट्रार चप्पल न घालताच निघाले. पुलाच्या मधोमध साठीपुढची एक ठेंगणी बाई उभी होती, जाड चष्मा, निळा स्वेटर, हातात चामड्याची पिशवी. तिच्या मागे कठड्याला धरून एक तरुण बाई, कोणातरी पुरुषाचा कोट पांघरलेली. कोटाची बटणं लागत नव्हती, एवढं पोट पुढे आलं होतं.

"तुम्ही रजिस्ट्रार का?" मेट्रन म्हणाल्या. "तुमचा एकाचा आकडा नवासारखा दिसतो. किती वर्षं सांगेन म्हणत होते."

रजिस्ट्रारांना सत्तावीस वर्षांपूर्वीचा रुग्णालयाचा व्हरांडा आठवला. हाच आवाज दारातून म्हणाला होता, "मुलगी. सव्वासहा." त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "बाई, माझी लेक... तीच, सव्वासहाची... आत आहे. दिवस भरलेत."

"येते की. हिलाही घेऊन येते. काल रुग्णालयात एका अध्यक्षाची माणसं घुसली, आज दुसऱ्याची. पाणी तोडलंय. बायकांना घरी जा म्हणाले. हिचं गाव गाडीने चार तासांवर, आणि गाड्या बंद. हिच्याकडे तेवढा वेळ नाही."

जावयाने मान खाली घातली. "हुकूम आहे, बाबा."

रजिस्ट्रारांनी नाक्यावरच्या फोनवरून मंत्र्यांना गाठलं. मंत्री म्हणाले, मेट्रन चालतील, एका माणसाचं बघता येईल. पण ती दुसरी नको, अजिबात नको. ती इथे बाळंत झाली तर घटनेतलं कलम तीन लागू होईल.

कलम तीन रजिस्ट्रारांना अंधुक आठवत होतं. 'या भूमीवर जन्मलेला प्रत्येक माणूस जन्मतःच या देशाचा नागरिक होय.' घटना लिहिणाऱ्यांनी ते मोठ्या मनाने लिहिलं होतं, कारण त्याचा उपयोग कोणाला होणार नाही याची खात्री होती. प्रत्यक्षात सगळे नागरिक कलम चारने झालेले, म्हणजे अर्ज करून. रजिस्ट्रारांनीही अर्ज केला होता आणि मंत्र्यांनीही.

ते पुलावर परत आले. "बाई, तुम्ही एकट्या चला. हिचं काहीतरी..."

"दोघी येऊ, नाहीतर दोघी परत जाऊ," मेट्रन म्हणाल्या.

रजिस्ट्रारांनी त्या तरुण बाईकडे बघितलं नाही. मेट्रन 'बरं' म्हणाल्या असत्या तर आपण तिच्याकडे पाठ फिरवून चालू पडलो असतो, हे त्यांना स्वच्छ कळलं. पुढे कितीही जणांनी त्यांचं कौतुक केलं तरी हे त्यांना विसरता आलं नाही. तेवढ्यात मागच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला, "अहो! उभे काय राहिलात? कळा सुरू झाल्यात!"

घाबरलेल्या माणसाला कधीकधी फक्त आपलं काम आठवतं. रजिस्ट्रारांना अकराचं पाकीट आठवलं. त्याच्यासाठी एक जुना कायमचा आदेश होता, त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली ठेवलेला: जन्माचे दाखले घेऊन येणाऱ्यास पुलावर कोणत्याही परिस्थितीत अडवू नये. तो कोणी रद्द केला नव्हता, कारण तो आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

"दांडा वर कर," ते जावयाला म्हणाले. "या दोघी जन्माचा दाखला घेऊन आल्यात."

"कुठाय दाखला?"

"तयार होतोय."

जावयाने एकदा त्या पोटाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, आणि असा काही जोर लावला की दांडा वर जाऊन तिथेच अडकून बसला.

पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं करून त्यावर गाद्या घातल्या. लेक मागच्या खोलीत, ती दुसरी पुढच्या. मेट्रनबाईंनी बायकोला हाताशी घेतलं आणि दोन्ही पुरुषांना व्हरांड्यात हाकललं. "पाणी उकळा. मध्येमध्ये येऊ नका. आणि बाळं ठेवायला काहीतरी द्या." रजिस्ट्रारांनी नोंदींच्या कपाटाचे दोन खण ओढून काढले, आतले कागद जमिनीवर ओतले आणि खणांत चादरी घातल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागद जमिनीवर टाकले होते आणि त्यांना काहीही वाटलं नाही. मग फोन खिडकीतून बाहेर घेतला, नमुना चारचं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि ते बसून राहिले. ओल येऊ नये म्हणून बुडाखाली ती सोनेरी अक्षरांची वही होतीच.

दुपारी आतून खणखणीत रडणं ऐकू आलं, आणि त्यामागोमाग मेट्रनबाईंचा आवाज. "लिहा! मुलगी. दोन वाजून दहा मिनिटं."

रजिस्ट्रार लिहायला लागले. आजवर त्यांनी अशा हजारो वेळा चिठ्ठीवरून उतरवल्या होत्या. वेळेच्या आधी एवढं ओरडणं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. पाच रकाने भरून ते सहाव्याशी थांबले. तिथे छापलेलं होतं, 'सरकारी रुग्णालय, पुलापलीकडे'.

फोन वाजला. मंत्री होते. लहान देश, बातमी पोचायला किती वेळ लागणार. "झालं ते झालं," ते म्हणाले. "तुम्हाला काही करायचंच नाही. फॉर्ममध्ये छापलंय ना? राहू द्या तसंच. बाळ रुग्णालयात जन्मलं, संपलं. आणि तुमच्या लेकीचं होईल ते देशातलं पहिलं बाळ! मी येतो फुलं घेऊन, फोटोवालाही आणतो. पहिल्या पानावर तुमचा नातू. किंवा नात."

"बाबा, खरंच की," जावई हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

रजिस्ट्रारांच्या मनात आलं नाही असं नाही. पहिल्या पानावर आपलं नातवंड. त्यांना ते चित्र दिसलंसुद्धा, चौकटीसकट, प्रशस्तिपत्राच्या शेजारी. पेनचं टोपण लावलं की काम झालं. आपल्याला सगळ्यात चांगलं जमतं तेच करायचं होतं, म्हणजे काही न करणं.

इतक्यात मेट्रनबाई दारात आल्या. चेहरा उतरला होता. "तुमच्या लेकीचं अडलंय. नाळ मानेभोवती आहे. मी आहे, पण हाक मारू नका मला आता." आणि दार लागलं.

पुढचा अर्धा तास रजिस्ट्रारांना नीट आठवत नाही. ते व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते एवढं जावई सांगतो. आत लेक एकदा 'बाबा' म्हणून ओरडली. त्यांनी दाराला हात लावला आणि मागे घेतला. काचेतून पुढची खोली दिसत होती. ती परकी बाई, अर्ध्या-पाऊण तासापूर्वी बाळंत झालेली, टेबलावरून उतरून भिंत धरधरून मागच्या खोलीकडे चालली होती. मग मधल्या दारातून एवढंच दिसलं की ती लेकीच्या उशाशी बसलीय आणि लेकीने तिचा हात घट्ट धरलाय. तिला तिथे कोणी बोलावलं नव्हतं. रजिस्ट्रारांना सकाळचा पूल आठवला आणि ते भिंतीकडे तोंड करून रडले.

मग सगळं शांत झालं. ती शांतता फार लांबली. जावयाने त्यांचा दंड धरला होता, तो अजून दुखतो असं ते म्हणतात. आणि मग आतून एक चपराक, आणि एक बारीक, चिडका आवाज.

"लिहा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज या वेळी कापत होता. "मुलगी. तीन वाजून पाच मिनिटं. दोघी बऱ्या आहेत."

पाच वाजता मंत्री आले, फुलं आणि फोटोवाला घेऊन. रजिस्ट्रार टेबलाशी बसले होते, नेहमीपेक्षा चार बोटं बुटके, कारण वही त्यांच्याखाली नव्हती. ती समोर उघडी होती. दोन्ही फॉर्मवर सहाव्या रकान्यातली छापील ओळ सरळ रेघेने खोडलेली होती. त्याखाली एकावर लिहिलं होतं, 'नोंदणी कार्यालय, पुढची खोली', आणि दुसऱ्यावर 'मागची खोली'.

मंत्र्यांनी वही वाचली. "पहिली नोंद त्या पलीकडच्या बाईच्या मुलीची? अहो, मधे पंचावन्न मिनिटंच तर आहेत! आपलीच नात पहिली लावली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?"

"कोणाचंच नाही, साहेब," रजिस्ट्रार म्हणाले. "त्या छापील रकान्यानेही इतकी वर्षं कोणाचं काही बिघडलं नव्हतं."

"पण कलम तीन! ते काय कोणी वाचतं का?"

"मीही आजच वाचलं."

मंत्र्यांनी फुलांचे दोन भाग केले आणि दोन्ही खणांशी ठेवले. एका खणावर अजून चिठ्ठी चिकटलेली होती, 'मृत्यू, अ ते ख'. मंत्र्यांनी ती नखाने खरवडून काढली. तेवढं देशाचं आरोग्य खातं त्या दिवशी नक्की कामाला आलं.

त्या बाईला मुलीसकट रजिस्ट्रारांच्या घरी नेलं. तीन आठवडे दोन बाळंतिणी एका खोलीत होत्या आणि रजिस्ट्रारांच्या बायकोला बोलायची उसंत नव्हती. मेट्रनबाई दिवसा दवाखान्यात बसत. डॉक्टरपेक्षा त्या बऱ्या असं लोक उघड म्हणू लागले. पलीकडे दोन्ही अध्यक्षांनी शेवटी एकमेकांच्या मुलामुलीचं लग्न ठरवलं आणि व्याह्याव्याह्यांनी देश वाटून घेतला. पूल उघडला. सिग्नल हिरवा झाला, तेव्हा काही जण सवयीने तरीही मागच्या गल्लीने गेले.

ती बाई निघाली त्या सकाळी सगळे पुलापर्यंत पोचवायला आले. लेक, कडेवर नात, बायको, मेट्रनबाई आपली पिशवी घेऊन. रजिस्ट्रारांनी काल छापखान्याला पत्र पाठवलं होतं की यापुढे सहावा रकाना कोरा ठेवावा. छापखाना पलीकडेच होता, तेव्हा उत्तर कधी येईल याबद्दल त्यांना फारशी आशा नव्हती.

जावयाने कागद तपासले. आईचे पलीकडचे, मुलीचे अलीकडचे. त्याला काय करावं कळेना. त्याने टाचा जुळवून त्या गुंडाळलेल्या मुलीला सलाम केला.

ती बाई दांड्यापाशी थांबली. "ही मोठी होईल," ती रजिस्ट्रारांना म्हणाली. "कोणी विचारलं, तू कुठली, तर काय सांगायला सांगू?"

रजिस्ट्रारांनी मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे पाहिलं. बायको, लेक, जावई, आणि लांब रस्त्यावर फुलं न आणता आलेले मंत्री. सगळे पलीकडे जन्मलेले, सगळे अर्ज करून झालेले. लेकीच्या कडेवरची तेवढी झोपली होती.

"इथली सांगा," ते म्हणाले. "आम्ही सगळे तिकडचे आहोत. इथल्या या दोघीच."